रेजिनाबाईंचे पौंड

“आठ डॉलरमदे तिकडं किती दिस जेवाला मिळल?”

रेजिनाबाईंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवत होते. रविवारची सकाळ होती. त्या आणि त्यांचे धाकटे दीर पास्कू उत्तनहून एसटीने भाईंदरला आमच्या घरी आले होते. मी दोघांनाही आधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या बाईने त्यांना माझा पत्ता दिला होता. परदेशी पैसे मिळतात त्या बँकेत मी कामाला आहे, एवढीच त्यांना माहिती होती.

माहिती खरी होती. सत्तरच्या दशकाची ती पहिली वर्षं. मी फोर्टमधल्या एका बँकेत फॉरेन एक्स्चेंज डिपार्टमेंटला क्लार्क होते. लग्न होऊन लांज्याहून भाईंदरला आले, त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील.

“फार तर चार दिवस,” मी म्हटलं. “तेही हात आखडून.”

“आनि मना ऱ्हावाचं हाय महिनाभर.”

आजच्या वाचकांना हे आठ डॉलरचं प्रकरण सांगायला हवं. त्या काळात देशाकडे परदेशी चलनाची फार टंचाई होती. परदेशी जाणाऱ्या साध्या प्रवाशाला बँकेतून आठ डॉलर किंवा तेवढ्या किमतीचं दुसरं चलन मिळायचं. म्हणजे इंग्लंडला जाणाऱ्याला तीनेक पौंड. खिशात कितीही रुपये असले तरी तेवढेच. जास्त हवे असतील तर तसं कारण दाखवून सरकारी परवानगी काढायची. ती देणाऱ्या ऑफिसचं काम एक्स्चेंज कंट्रोलचं, म्हणून आम्ही बँकवाले त्याला नुसतं ‘कंट्रोल’ म्हणायचो.

रेजिनाबाईंचे यजमान बस्त्याव मालवाहू बोटीवर कुक होते. लिव्हरपूलच्या बंदरात बोट उभी असताना ते लोखंडी जिन्यावरून खाली पडले. कमरेचं हाड मोडलं. बोट पुढे निघून गेली आणि ते तिथल्या हॉस्पिटलमध्ये राहिले. एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं व्हायचं होतं. डॉक्टरांनी कंपनीला कळवलं, पेशंट जेवत नाही, बोलत नाही, घरचं माणूस आलं तर बरं. कंपनीने रेजिनाबाईंचा पासपोर्ट करून दिला, विमानाचं तिकीट दिलं. निघायला आठ दिवस होते.

“हास्पिटलचं बिल न्हाय हो द्यावाचं,” पास्कू म्हणाले. “त्ये तिकडं सरकार बघतंय. वहिनीला ऱ्हावाला खलाशांच्या होस्टेलमदे खोली हाय. पन खावाचं काय? बसचं काय? काय औषध आनावं लागलं तर?”

“मग तुम्ही काय ठरवलंय?”

दोघं एकमेकांकडे पाहायला लागले. मग पास्कूंनी सांगितलं. बंदराजवळ एक माणूस मिळाला होता. कागद नको, सही नको. आज रुपये द्या, परवा पौंडाच्या नोटा घ्या. भाव बँकेच्या जवळजवळ दीडपट. तेवढे रुपये उभे करायला पास्कू आपल्या नावेचं मशीन विकायला निघाले होते. गिऱ्हाईकही ठरलं होतं.

“मशीन गेल्यावर नाव कशी चालणार?”

“शिडावर चालंल. बाबा चालवत व्हता.”

हे ते अगदी सहज बोलले, पण रेजिनाबाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी चहा प्यायला नव्हता.

मी त्यांना उपदेश केला नाही. अशा वेळी माणूस मिळेल तिथून पैसे आणतो, हे मला कळत होतं. मी फक्त हिशेबाची बाजू सांगितली. त्या नोटा साडीच्या घडीत लपवून न्याव्या लागणार. सांताक्रूझ विमानतळावर कस्टमवाल्यांनी सामान उघडलं तर नोटा जप्त होणार, वर चौकशी. कदाचित विमानही चुकेल. म्हणजे दीडपट किंमत देऊन शेवटी हातात काहीच नाही आणि नवरा तिकडे एकटा.

“बँकेतून मिळाले तर भाव कमी पडेल आणि उघडपणे नेता येतील. आपण अर्ज करू,” मी म्हटलं.

“मिळतील?” रेजिनाबाईंनी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही.”

“मग मशीनवाल्याला काय सांगू?” पास्कू म्हणाले. “तो गुरवारी येतोय.”

“शनिवारपर्यंत थांबवा.”

शनिवार मी कुठल्या आधारावर म्हटलं, ते मलाही ठाऊक नव्हतं. सोमवारी त्यांचं विमान होतं, त्याच्या आधी बँक उघडी असण्याचा तो शेवटचा दिवस. एवढाच आधार.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ऑफिसर कर्णिकसाहेबांपुढे कागद ठेवले. साहेब कडक होते. टेबलावरचं पेपरवेट जरा सरकलं तरी त्यांना चालायचं नाही.

“साळवीबाई, ही आपली कस्टमर आहे का?”

“नाही साहेब. उत्तनची आहे.”

“उत्तन कुठे आलं?”

“भाईंदरच्या पुढे. समुद्रावर.”

त्यांनी कागद वाचले. “पेशंट इथून उपचाराला जातो तेव्हा त्याच्याबरोबरच्या माणसाला चलन मिळतं. इथे पेशंट आधीच तिकडे आहे. ही केस त्यात बसत नाही.”

सकाळी लवकर येऊन मी सर्क्युलरची फाइल पाहिली होती. “साहेब, पेशंट इथून गेलेला असला पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही.”

“नसला तरी चालेल, असंही म्हटलेलं नाही.”

“मग विचारायला काय हरकत आहे? नाही म्हणायचं तर कंट्रोल म्हणेल. आपण कशाला म्हणायचं?”

साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग अर्जातली माझी दोन इंग्रजी वाक्यं खोडून स्वतःची घातली आणि सही केली. त्यांची वाक्यं जास्त चांगली होती, हे मान्य करायला हवं.

बुधवारी अर्ज परत आला. नामंजूर.

मी कंट्रोलमध्ये जाऊन कारण विचारलं. तिथले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी कंपनीच्या पत्रातल्या एका ओळीवर पेन्सिल टेकवली. राहण्याची व्यवस्था कंपनी करील, असं तिथे लिहिलं होतं.

“बाई, पाहुणचार तिकडे होत असेल तर इकडून चलन देत नाहीत,” ते म्हणाले. “नियमच आहे तसा.”

“पण यात जेवण धरलेलं नाही.”

“तसं कुठे लिहिलंय?”

खरंच लिहिलेलं नव्हतं. रेजिनाबाईंची सोय व्हावी म्हणून कंपनीने जे लिहिलं, त्याचीच अडचण झाली होती. आता कंपनीकडूनच लिहून आणायला हवं होतं की जेवणाखाण्याचा आणि जाण्यायेण्याचा खर्च आम्ही देणार नाही.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रेजिनाबाईंना घेऊन बॅलार्ड पिअरला कंपनीच्या एजंटच्या ऑफिसात गेले. तिथला मॅनेजर तिशीतला होता. टाय लावलेला, बोलायला गोड. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. पण पत्राचं नाव काढल्यावर तो हिंदीवर आला.

“देखिए मॅडम, कंपनी ने टिकट दिया, रूम दिया. अब मैं लिखूँ कि हम खाना नहीं देंगे? लंडन ऑफिस पढ़ेगा तो क्या सोचेगा?”

“जे खरं आहे तेच लिहायचं आहे,” मी म्हटलं.

“खरं असलं तरी कागदावर खराब दिसतं.” आता तो मराठीत बोलला. “वरून परमिशन मागवतो. पंधरा दिवस लागतील.”

मी नियम सांगितला, तारीख सांगितली, विनंती केली. तो मान हलवत राहिला. त्याचंही चूक म्हणता येईना. नोकरी त्यालाही होती. माझ्याजवळचं बोलणं संपलं आणि मी पर्स उचलली.

रेजिनाबाई उठल्या नाहीत. हात मांडीवर जोडून बसल्या होत्या.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “माझा नवरा बारा वर्सं तुमच्या बोटीवर लोकांना रांधून घालतोय. तीस-तीस मानसांना, दोन टाईम. कुनी उपाशी ऱ्हायला असं कवा झालं न्हाय. मी तुमच्याकडं जेवान मागत न्हाय. मना जेवान मिळनार न्हाय, येवढं लिवून द्या. मी माझं बघते.”

मॅनेजर खुर्चीतून उठला. त्याने बेल वाजवली, टायपिस्टला बोलावलं आणि उभ्या उभ्याच तीन ओळी सांगितल्या. सही करताना म्हणाला, “तारीख जरा आधीची टाकू का? म्हणजे पहिल्या पत्राबरोबरच दिलंय असं वाटेल.”

“नको,” मी म्हटलं. “आजचीच राहू दे. काल हे पत्र नव्हतं, हे कंट्रोलवाल्यांना माहीत आहे.”

बाहेर आल्यावर आम्ही स्टेशनकडे निघालो. रेजिनाबाई म्हणाल्या, “आज मशीनवाला येनार व्हता.”

“पास्कूंनी काय सांगितलं असेल?”

“ठावं न्हाय. तो कुनाला न्हाय म्हनत न्हाय, त्योच त्याचा दोष हाय.”

त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या भरवशावर एका घराने पुढचा मार्ग थांबवून धरला होता आणि माझ्या हातात तीन ओळींचा कागद होता.

तो कागद मी तसाच कंट्रोलमध्ये नेऊन दिला आणि शुक्रवारी दुपारी मंजुरी आली. आम्ही तीस दिवसांचं मागितलं होतं, त्यांनी वीस दिवसांचं दिलं होतं. कर्णिकसाहेब म्हणाले, “साळवीबाई, भांडायला वेळ नाही. आहे त्यात बसवा.” मग पुढचा प्रश्न तोच राहिला. आहेत त्या पौंडांत जास्तीत जास्त दिवस कसे काढायचे.

शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. उघडायच्या आधीच रेजिनाबाई आणि पास्कू दारात उभे होते. पास्कूंनी सुकवलेल्या बोंबलांचा सगळा साठा एकाच व्यापाऱ्याला घालून रुपये आणले होते. बँकेच्या भावाने तेवढे पुरत होते. मशीनवाल्याचं काय झालं, हे मी विचारलं.

“मी गुरवारी दर्यावरच ऱ्हायलो,” पास्कू म्हणाले. “घरी आलोच न्हाय.”

मी दोघांना काउंटरच्या आत बाकावर बसवून समजावलं. परदेशी पैसे दोन प्रकारे मिळतात. एक नोटा, दुसरे ट्रॅव्हलर्स चेक. हा चेक म्हणजे ठरलेल्या रकमेचा छापील कागद. तो तिकडच्या बँकेत दिला की तेवढे पैसे मिळतात. नोटा परदेशातून आणाव्या लागतात, त्यांचा विमा, त्यांची राखण, म्हणून बँक त्या महाग विकते. चेकचा भाव कमी. शिवाय नोट हरवली की गेली, चेक हरवला तर पैसे परत मिळतात. म्हणून उतरल्यावर बस आणि पहिल्या दिवसाचं खाणं भागेल एवढ्याच नोटा घ्यायच्या, बाकी सगळे चेक.

“तिकडे विमानतळावर किंवा हॉटेलात चेक मोडू नका, ते भाव पाडून देतात. बँकेत जा. आणि रोज रोज एकेक मोडू नका. प्रत्येक वेळी बँक आपली फी कापते. आठवड्याचे एकदम घ्या.”

“म्हंजे मासळी जशी,” रेजिनाबाई म्हणाल्या. “एकेक विकली तर दलाली जास्ती.”

त्यांना सगळं माझ्याआधी कळत होतं. अडलं ते सहीवर.

ट्रॅव्हलर्स चेकवर दोन सह्या असतात. पहिली इथे, चेक घेताना. दुसरी तिकडे, पैसे घेताना. दोन्ही जुळल्या तरच पैसे. रेजिनाबाई गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि त्यानंतर त्यांनी पेन फारसं धरलं नव्हतं. मी त्यांना जुन्या फॉर्मच्या पाठीवर सही करायला लावली. पाच सह्या केल्या, पाचही वेगळ्या. कधी ‘जि’ची वेलांटी डोक्यावरून पार मागे जायची, कधी नुसता ठिपका. ‘ना’चा काना दर वेळी वेगळ्या उंचीचा.

कर्णिकसाहेब मागे येऊन उभे राहिले. “अंगठा चालणार नाही. इंग्रजीत दोन अक्षरं शिकवा. आर आणि एक आडनावाचं. सोपं पडेल.”

“साहेब, शिकवलेली सही मी तिकडं विसरन,” रेजिनाबाई म्हणाल्या. “माझी हाय ती माझीच असू दे. जरा टाईम द्या.”

पासपोर्टवरही त्यांची सही मराठीतच होती. मी साहेबांना म्हटलं, तिकडचा कॅशियर वाचणार नाही, तो फक्त आकार जुळवणार. लिपी कुठलीही असली तरी काय बिघडतं? साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “बारा वाजता काउंटर बंद,” एवढंच म्हणून गेले.

त्या बाकावर बसून रेजिनाबाईंनी तीन-चार जुन्या फॉर्मच्या पाठी सह्यांनी भरल्या. पास्कू शेजारी बसून प्रत्येक सही आधीच्या सहीशी ताडून बघत होते. “काना खाली आला,” म्हणायचे. “आता बरा हाय.” काउंटरवरचे बाकीचे लोक बघायला लागले. एका गुजराती शेठने आपलं पेन पुढे केलं. “बेन, आ लो. याची नीब जाडी आहे, हात नाही घसरणार.” पावणेबाराला सलग आठ सह्या एकसारख्या आल्या. तशाच हाताने त्यांनी सगळ्या चेकवर पहिली सही केली. मी शेवटचा चेक पाकिटात घातला तेव्हा शिपाई शटर खाली घेत होता.

जाताना मी पुन्हा एकदा सांगितलं. “दुसरी सही पैसे घेताना. समजलं ना?”

“समजलं,” त्या म्हणाल्या.

सोमवारी त्या गेल्या. नंतर दीड महिना मला फारसं काही कळलं नाही. एकदा मासळीवाली म्हणाली, “रेजिनाचं पत्र आलंय, बस्त्याव उठून बसला.” तेवढंच. मीही कामाला लागले.

मग एका सकाळी त्या बँकेत आल्या. अंगावर साधं पातळ, बरोबर कुणीतरी दिलेला लोकरीचा कोट. मुंबईच्या उकाड्यात तो कोट त्यांनी हातावर घेतला होता. बस्त्याव अजून तिकडेच होते. दुसरं ऑपरेशन झालं होतं. पाय थोडा आखूड राहणार होता, पण काठी घेऊन चालायला लागले होते. पुन्हा बोटीवर जाता येणार नव्हतं.

“मी गेले तवा भिंतीकडं तोंड करून पडलेला,” त्या म्हणाल्या. “नर्सबाई म्हनाली, बोलत न्हाय. मी म्हटलं, तू न्हाय बोलत तर मी बोलते. गावचं सगळं सांगितलं. कुनाची नाव फुटली, कुनाचं लगीन झालं. तिसऱ्या दिशी बोलला, मना आंबट कालवन पाहिजे.”

होस्टेलच्या वॉर्डनने त्यांना तिथलं स्वयंपाकघर वापरू दिलं. बस्त्यावसाठी कालवण केलं, तर वासाने आपले बाकीचे खलाशी जमले. मग ते खलाशीच तांदूळ आणि मासे आणून द्यायला लागले आणि रेजिनाबाई सगळ्यांचं रांधायला लागल्या. त्यांचं जेवण त्यातच निघालं. वीस दिवसांचे पौंड सहा आठवडे पुरले आणि दोन चेक उरले.

ते परत करायलाच त्या आल्या होत्या. न वापरलेलं चलन बँकेला परत करायचा नियम होता. बहुतेक लोक ते घरात ठेवून द्यायचे. रेजिनाबाईंनी दोन्ही चेक काउंटरवर ठेवले. मी हिशेब करून रुपये सांगितले.

“घेतले तवा जास्ती लागले व्हते.”

“विकण्याचा भाव वेगळा, घेण्याचा वेगळा. बँकेचं पोट त्यावर.”

“आमचा मासळीचा दलालबी असंच बोलतो,” त्या म्हणाल्या आणि रुपये घेतले.

मग खाली बघत म्हणाल्या, “बाय, एक सांगते. पैल्या टायमाला बँकेनं मना पैसं दिलं न्हाय.”

“का? सही जुळली नाही?”

“जुळली. मी होस्टेलवरूनच करून गेलेली. म्हटलं, गोऱ्या साहेबापुढं हात कापल. खोलीत टेबलावर बसून नीट केली, मंग बँकेत गेले.”

दुसरी सही पैसे घेताना करायची, म्हणजे कॅशियरच्या डोळ्यांदेखत. तेच तर त्या सहीचं सगळं मर्म. आधी सही केलेला चेक कुणाचाही असू शकतो, चोरलेलाही. त्या कॅशियरने चेक परत सरकवला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. बरोबर तेवढाच चेक आणलेला, नोटा संपलेल्या. त्या काउंटरसमोरून हलल्या नाहीत. शेवटी आतून एक वयस्कर साहेब आला, त्याने कोरा कागद आणि पेन दिलं. त्यांनी त्याच्यासमोर चार सह्या केल्या. त्याने त्या पासपोर्टशी ताडल्या आणि पैसे दिले. एका चेकपुरतं भागलं. पुढच्या चेकवर त्यांनी काउंटरसमोर उभं राहूनच सह्या केल्या.

“हात कापला?” मी विचारलं.

“कापला. पन सही तीच आली.”

त्या गेल्यावर मी हे कर्णिकसाहेबांना सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, अडाणी बाई, काय करणार. ते म्हणाले, “तिने तुम्ही सांगितलं तेच केलं. पैसे घेताना म्हणजे तिच्या मते पैसे घ्यायला निघताना. मीही तिथेच होतो, ऐकत होतो, माझ्याही लक्षात आलं नाही.”

बस्त्याव तीन महिन्यांनी परतले. पुढे गावातल्या लग्नांचा स्वयंपाक करायला लागले. काठी टेकून उभे राहायचे आणि हुकूम सोडायचे, असं मासळीवाली सांगायची.

मी त्या डिपार्टमेंटला आणखी अठरा वर्षं होते. डॉक्टर, इंजिनिअर, मोठे व्यापारी, सगळ्यांना चेक विकले. त्यानंतर मी कुणालाही ‘समजलं ना?’ असं विचारलं नाही. त्याला सगळे हो म्हणतात. मी म्हणायचे, “आता तिकडे गेल्यावर काय करणार, ते तुम्ही मला सांगा.” पुष्कळ शिकलेले लोक यावर चिडायचे. त्यातले निम्मे चुकीचं सांगायचे.